जपान लागलं, विठ्ठलवाडी नाही!

हॅम रेडिओ म्हणजे परवाना काढून घरबसल्या जगाशी बोलायचा छंद. आमच्याकडे या नादाला आम्ही तिघं लागलोय: मी, म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यातला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक; विठ्ठलवाडीचे स्पेअर पार्टवाले लछूभाई; आणि बदलापूरच्या रिटायर्ड फिजिक्स टीचर सानेबाई. आमचे संदेश पोचोत न पोचोत, किस्से मात्र साचत जातात!

*

परवान्याच्या परीक्षेआधी लछूभाई वैतागले. "बाई, ये एएम-एफएम का लफडा एकदा नीट सांगा ना!"

"आवाज लहरीवर चढवायचा, ते मॉड्युलेशन. एएममध्ये लहरीची उंची कमी-जास्त होते. एफएममध्ये उंची तीच, लहरी दाट-विरळ होतात."

लछूभाईंनी वही मिटली.

"घरी भांडताना तुम्ही काय करता?"

"चिल्लाता हूं!"

"आणि वहिनी?"

"आवाज वही, पर इतना फास्ट, इतना फास्ट..."

"झालं! तुम्ही एएम, वहिनी एफएम."

लछूभाई पास झाले. वहिनींना कारण अजून सांगितलेलं नाही!

*

शॉर्टवेव्हची लहर आकाशातल्या थरावर आपटून लांब उतरते, मधला पट्टा कोरडाच राहतो. एकदा मला रेडिओवर जपानमधले एक आजोबा लागले, अगदी स्पष्ट! त्याच फ्रिक्वेन्सीवर लछूभाईंना हाका मारल्या. चिडीचूप.

बायकोला म्हटलं, "जपान ऐकू येतं, विठ्ठलवाडी नाही!"

"जवळच्यांचं तुम्हाला कधी ऐकू आलंय?"

*

संध्याकाळी सात वाजले की माझ्या एएम रेडिओवर खरखर सुरू. ट्रान्झिस्टर घेऊन जिना चढत गेलो. खरखर वाढत वाढत थेट सोसायटीच्या सेक्रेटरींच्या देव्हाऱ्यापाशी! नवी एलईडी माळ.

सेक्रेटरींनी हात जोडले. "म्हणजे आमची भक्ती तुमच्यापर्यंत पोचते तर!"

प्रसाद घेऊन परत आलो.

*

नदीला पूर आला त्या सकाळी मोबाइल बंद पडले. बाई वॉकीटॉकी घेऊन बदलापुरातल्या शिरगावच्या शाळेत, पूरग्रस्तांजवळ बसल्या. मी अंबरनाथला सेटवर. तेवढ्यात जवळच्या मोरिवलीचे एक म्हातारे शेतकरी धापा टाकत माझ्याकडे आले. धाकटा भाऊ तिकडे शिरगावला अडकलेला. मी सेटवरून कळवलं, बाईंनी त्याला शोधून वॉकीटॉकीजवळ आणलं.

मी म्हाताऱ्यांना समजावलं, "बटण दाबून बोला, सोडून ऐका."

त्यांनी बटण दाबलं आणि सुरूच झाले. "तुला सांगितला व्हता, नदीकाठाला घर बांदू नको! ऐकलास कवा? आयेचा तरी ऐकलास?" पाच मिनिटं अंगठा हलेना. शेवटी मीच तो उचलला.

पलीकडून आवाज आला, "दादा, मी बरा हाय. पोरा पन बरी हायेत."

म्हाताऱ्यांनी पुन्हा बटण दाबलं. ओठ हलले, शब्द फुटेना. बऱ्याच वेळाने अंगठा आपोआप सुटला.

"दादा? गप का झालास? ओरड ना अजून!"