साडूच्या डोंगरातला रिकामा महिना

मला साडूवर सूड घ्यायचा होता आणि त्यासाठी फक्त एक रिकामा महिना हवा होता.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सह्याद्रीतल्या राष्ट्रीय उद्यानाच्या नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर त्याचं घर आहे. माडीवरच्या दोन खोल्या त्यानं पर्यटकांसाठी काढल्या, आणि तेव्हापासून तो डोंगर जणू त्याच्या वडिलांनीच बांधून घेतलाय अशा थाटात बोलतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये मोडनिंबला, माझ्या सासुरवाडीत, मेव्हण्याच्या पोराचं बारसं होतं. जेवणं उरकून सगळे मांडवाखाली बसले होते. माझं नवी पेठेत कापडाचं दुकान, त्यामुळं सोलापूरची तारीफ तोंडात कायम असते. ती ऐकत पान लावता लावता साडू म्हणाला, "पावणं, खरं सांगा. तुमच्या सोलापुरात मानसानं करायचं काय? एक उन्हाळा सरला की दुसऱ्याची वाट बघत बसायचं. आमच्याकडं या. बाराबी महिने काय ना काय असतंय."

सगळे हसले. सासूबाई हसल्या, तेही मी सोसलं असतं. पण माझी बायको हसली, आणि तीही तोंडाला पदर न लावता.

"एक महिना जरी रिकामा निघाला तर?" मी म्हणालो.

"तर ह्याच मांडवात, ह्याच मंडळींसमोर म्हनंन, आमच्याकडं काय न्हाय, सोलापूर लय भारी. न्हाय निघाला तर तुमी उटून म्हणायचं, सोलापुरात काय न्हाय. कबूल?"

"कबूल."

सासूबाईंनी लगेच निकालाचा दिवसही ठरवून टाकला, बाळाचा पहिला वाढदिवस.

पावसाळ्यात उद्यान बंद असतं हे मला मोबाइलवर सापडलं, तेव्हा इतका आनंद झाला की गिऱ्हाईकानं मागितलेल्या खणाऐवजी मी पडद्याचं कापड फाडलं. जुलैत बायकोला घेऊन निघालो. तिनं बहिणीसाठी कडक भाकऱ्यांची चळत बांधून घेतली होती. ज्वारीची, पापडासारखी पातळ, खडखडीत वाळवलेली भाकरी. आमच्याकडं महिनाभर ठेवली तरी काडकन मोडते. तिच्यासारखी भाकरी आमच्या गल्लीत कुणाची होत नाही, हे मी नवरा म्हणून नाही, खाणारा म्हणून सांगतो.

उतरल्या उतरल्या मी उद्यानाच्या फाटकाला लावलेल्या कुलपाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'रिकामा महिना सापडला.' रात्री शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी ऐटीत भाकरीचं फडकं सोडलं. "साडूबुवा, आता आवाज ऐका," म्हणालो आणि भाकरी मोडायला घेतली. ती मोडली नाही. घडी पडली. दुसरी घेतली, तिचीही घडी. त्यांच्या घरात रात्रभर ढग येऊन बसलेले असतात, पांघरुणं पिळावी लागतात, हे माझ्या कोरड्या डोक्यात आलंच नव्हतं. साडूनं एक भाकरी हळूच उचलली, खांद्यावर टाकली आणि आरशापुढं उभा राहिला.

"टावेल ब्येस हाय की. सोलापुरीच न्हवं?"

बायकोनं हातातला घास ताटात ठेवला. मी मात्र कुलपाची आठवण करून दिली. "उद्यान बंद आहे. आता काय करायचं ते सांगा."

"उद्यान बंद हाय, श्यात उगडं हाय की."

अर्ध्या तासात मी भाताच्या खाचरात रोपलावण करत होतो. म्हणजे बायका लावत होत्या आणि मी रुतत होतो. गुडघ्यापर्यंत रुतल्यावर शेवटी तिघींनी मिळून मला उपसलं. डाव्या पायाची चप्पल आतच राहिली. पोटरीवर तीन जळवा निघाल्या. मेव्हणीनं मीठ लावून त्या सोडवल्या. माडीवरचे पुण्याचे पाहुणे छत्र्या घेऊन खाली आले आणि त्यांनी सगळं चित्रीकरण केलं. जुलैत इथं करण्यासारखं काही नाही, असं म्हणायला मला तोंड उरलं नाही.

परतताना एसटीत बायको एकच वाक्य बोलली. "तुमच्या पैजेत तुम्ही स्वतःला घाला, नाहीतर दुकान घाला. माझी भाकरी घालायची नव्हती." त्यानंतर पैजेचं नाव तिनं काढलं नाही. मला वाटलं, ती तिकडच्या बाजूला गेली.

मग डिसेंबर. माझा हिशेब साधा होता. एवढ्या थंडीत मी बाहेर पडत नाही, तर जनावरं कशाला पडतील? भल्या सकाळी साडूनं मला एका वाटाड्याबरोबर उद्यानाच्या जीपमध्ये बसवलं. तासभर काही दिसलं नाही. मी मनातल्या मनात साडूच्या तोंडून 'सोलापूर लय भारी' वदवून घेत होतो. एवढ्यात वळणावर एक म्हैस आडवी उभी दिसली. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "कुणाची हो ही म्हैस? दाव्याशिवाय सोडलीय." वर हातातली कानटोपी हलवून "हैक, हैक" केलं.

वाटाड्यानं मला मागून कॉलरला धरून जीपमध्ये ओढलं. "सरकारची हाय," तो म्हणाला. "गवा म्हंत्यात त्याला."

गवा माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या पायात पांढरे मोजे घातल्यासारखे दिसत होते. त्यालाही थंडी वाजत असावी, असं मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं.

शेवटचा मे. सगळा डोंगर वाळलेला, झरे आटलेले. मी जिंकल्याचा फोटो काढायला पांढरा शर्टसुद्धा नेला होता. साडूनं मला करवंदांच्या जाळीत नेलं. शर्ट काट्यांनी घेतला. करवंदं मी हावरटासारखी पिकली-कच्ची न बघता खाल्ली आणि त्यांच्या चिकानं ओठ चिकटले. नेमका तेव्हाच साडूनं मोडनिंबला व्हिडिओ कॉल लावला.

"बोला पावणं, मे महिन्यात करण्यासारकं काय हाय का न्हाय?"

मी "उं" म्हणालो. सासूबाईंना तो होकार वाटला.

आणि वाढदिवस आला. तेच अंगण, तोच मांडव, तीच मंडळी. केक कापून झाल्यावर साडू उभा राहिला.

"आमच्याकडं काय काय असतंय ते ऐका. जुलैत पावण्यास्नी चिकलातनं उपसायचं. डिसेंबरात पावण्यांची हरवल्याली म्हैस हुडकायची. मे महिन्यात खोबरेल लावून पावण्यांचं त्वांड उगडायचं. पुण्याची मानसं फोन करून इचारत्यात, सोलापूरचं काका कवा यायचं हायत? आमी बी त्याच तारखंला येतो!"

मांडव हसून कोसळायच्या बेताला आला. माझी पाळी आली. मी उठलो, "सोलापुरात..." एवढं म्हणालो, तेवढ्यात बायको हातात परात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"थांबा हो," मला म्हणाली. मग अगदी गोड आवाजात, "दाजी, आमचे हे तीनच महिन्यांत आले होते. उरलेल्या नऊ महिन्यांत तुमच्याकडं काय असतं?"

साडू अजून हशाच्या भरात होता. "त्या महिन्यात कसलं काय! पावणं न्हाईत तर मजा न्हाय. नुस्तं गवं बगत बसायचं."

बोलून गेला आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. सासूबाईंनी सुपारी कातरायची थांबवली. "म्हंजे नऊ महिने काय न्हाय," त्या म्हणाल्या. "थोरले जावईबापू, बोला आता."

आपणच सांडलेला हशा त्याला परत भरून घेता येईना. त्यानं मांडवाच्या खांबाकडं बघत म्हटलं, "आमच्याकडं काय न्हाय. सोलापूर लय भारी."

"ऐकू नाही आलं, दाजी."

त्याला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्यानं. मग बायकोनं परातीतली एक कडक भाकरी उचलली आणि त्याच्या ताटावर काडकन मोडली. मागच्या रांगेतल्यांनीही माना वळवल्या.

"घ्या," ती म्हणाली. "टॉवेल."

अकरा महिने ती ह्यासाठी गप्प होती. पैज माझी, फजिती माझी, सूड मात्र तिचा. मी तिथं फक्त प्रेक्षणीय स्थळ होतो.

म्हणून माझा सूड मी आता वेगळा घेतोय. परवा जुलै लागला आणि साडूचा फोन आला. "पावणं, येताय न्हवं? लावण सुरू झाली. माडी भरलीया. मंडळी वाट बगत्यात."

"दुकानात लई गर्दी आहे," मी म्हणालो. दुकानात मी आणि पंखा, दोघंच होतो.

ह्या वर्षी मी जाणार नाही. जुलैत नाही, डिसेंबरात नाही, मे महिन्यात तर नाहीच. बसू दे त्याला बाराही महिने गवे बघत. माझी डावी चप्पल त्याच्या शेतात आहे, तिच्यासाठीसुद्धा जाणार नाही. उजवी मात्र मी अजून टाकलेली नाही.