दहा मिनिटं पुढचं घड्याळ

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी मागच्या गल्लीत, एक छोटा कारखाना आहे. मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांना लागणारे लोखंडी सुटे भाग तिथं बनतात. तनुजा तिथं अकरा वर्षं नोकरीला आहे. तिचं काम नेमकं काय, हे बजाजनगरातल्या तिच्या सासूला अजून कळलेलं नाही. शेजारणींनी विचारलंच तर सासू सांगते, "काँप्युटरवर असती." काम काही अवघड नाही. कारखान्यात पाच काँप्युटर: एक ऑफिसात, एक स्टोअरमध्ये, एक तपासणीच्या टेबलावर आणि दोन शेडमध्ये, मशीनशेजारी. पाचही ठिकाणी 'चालू ड्रॉइंग' नावाचा एकच फोल्डर, आणि त्यात सगळीकडं अगदी तेच कागद असले पाहिजेत, एवढं तिनं बघायचं. गिऱ्हाईक कंपनी मापं सारखी बदलते. एका काँप्युटरवर नवं माप आणि दुसऱ्यावर जुनं राहिलं, की माल भंगारात गेलाच म्हणून समजा.

पूर्वी ती पेन ड्राइव्ह घेऊन पाचही ठिकाणी फिरायची. मग कुणीतरी एक फुकटातला प्रोग्राम टाकून दिला. तो दर अर्ध्या तासानं पाचही फोल्डर चाळायचा, प्रत्येक कागदाची सगळ्यात ताजी प्रत कुठली ते वेळेवरून ओळखायचा आणि तीच सगळीकडं पोचवायचा. तनुजाची पायपीट वाचली. सकाळी एकदा नजर टाकली की झालं.

आता मालकांबद्दल सांगायला हवं. कारभारी अप्पा मूळचे इथलेच शेतकरी. वसाहतीत जमीन गेली आणि ते कारखानदार झाले. माणूस मनाचा वाईट नाही, पण उशीर म्हटला की त्यांचं डोकं फिरतं. म्हणून कारखान्यातली सगळी घड्याळं ते दहा मिनिटं पुढं ठेवतात. भिंतीवरचं पुढं, गेटवरचं पुढं, त्यांच्या मनगटावरचं तर पंधरा मिनिटं पुढं. कामगारांना हे पहिल्या आठवड्यातच कळतं, मग तेही मनातल्या मनात दहा वजा करतात आणि यायच्या वेळेलाच येतात. म्हणजे घड्याळं पुढं पळतात आणि माणसं होती तिथंच. हे अप्पांना कोण सांगणार?

एकदा एका कामगारानं शेडमधल्या काँप्युटरकडं बोट दाखवलं आणि आपण वेळेवरच आलोय हे सिद्ध केलं. अप्पांनी त्याच दिवशी तनुजाला सांगितलं, शेडमधल्या दोन्ही काँप्युटरची घड्याळंही दहा मिनिटं पुढं कर. ते ऑफिसाशी तारेनं जोडलेले होते, पण त्यांना इंटरनेट नव्हतं, त्यामुळं वेळ आपोआप दुरुस्त होण्याचा प्रश्नच नव्हता. तिनं दोन मिनिटांत ते केलं आणि विसरून गेली.

विसरून जाणं तिला तेव्हा सहज जमायचं. त्याआधी तीन वर्षं तिचे सासरे अंथरुणाला खिळून होते. त्यांचं अंघोळ-पाणी, खाणंपिणं, हगणंमुतणं सगळं तिनं केलं, नोकरी सांभाळून केलं. नवरा आपला रात्रपाळीला, दिवसा झोपलेला. सासरे गेले तेव्हा सगळे रडले, तनुजा मात्र चहा ठेवायला उठली. लोकांना वाटलं, सून धीराची आहे. धीर कसला? तिला काही वाटलंच नव्हतं. नंतरही कशाचं काही वाटेना. भाजीत मीठ जास्त झालं, नवरा ओरडला, भाचीचं लग्न ठरलं, तिला सगळं सारखंच. दिवस येत होते आणि जात होते.

अशातच फेब्रुवारीत ते झालं. सकाळी गिऱ्हाईक कंपनीची मेल आली: एका पट्टीच्या भोकाचं माप १२.४ होतं, ते १२.६ करा. तनुजानं नऊ वाजून दहा मिनिटांनी ऑफिसातल्या कागदात बदल केला आणि शेडमध्ये निरोप धाडला, नवीन ड्रॉइंग बघूनच काम लावा. मशीनवर सर्जेराव होता. फुलंब्रीकडचा, सतरा वर्षांचा अनुभव असलेला ऑपरेटर, कमी बोलणारा. त्यानं त्याच्या पाच मिनिटं आधीच, रोजच्या पद्धतीप्रमाणं, शेडमधल्या कागदावर लॉट नंबर लिहून तो सेव्ह केला होता. खरी वेळ नऊ-पाच. पण शेडमधल्या घड्याळात नऊ-पंधरा.

साडेनऊला प्रोग्राम आपल्या कामाला लागला. नऊ-दहाचा कागद आणि नऊ-पंधराचा कागद त्यानं शेजारी ठेवले आणि शेडमधलाच ताजा ठरवला. मग जुनं माप असलेला तो कागद पाचही काँप्युटरवर गेला, तनुजाच्या दुरुस्तीवरसुद्धा. सर्जेरावनं निरोपाप्रमाणं पुन्हा ड्रॉइंग उघडून पाहिलं. १२.४. माप बदललेलं दिसत नाही, दुसरंच काहीतरी बदललं असेल, असं म्हणून त्यानं दिवसभर १२.४ चीच भोकं पाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजानं नेहमीसारखी नजर टाकली, तर ऑफिसात १२.४. खाली सर्जेरावनं लिहिलेला लॉट नंबरही तिला दिसला. तो कागद शेडमधून आलाय, हे तिथंच कळायला हवं होतं. पण तिला वाटलं, काल आपण सेव्ह करायचं विसरलो असू. तिनं पुन्हा १२.६ केलं. या वेळी शेडमधला कागद आडवा आला नाही आणि अर्ध्या तासात पाचही ठिकाणी १२.६ झालं.

दुपारी तपासणीत अख्खा लॉट बाद झाला. अप्पांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं आणि तिथल्या काँप्युटरवर ड्रॉइंग उघडायला लावलं. १२.६. सर्जेराव स्क्रीनकडं बघतच राहिला. काल इथं १२.४ च होतं, असं तो दोनदा म्हणाला. अप्पांनी तनुजाला विचारलं, नवं माप कधी टाकलंस? काल नऊ-दहाला, असं ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी पुन्हा टाकावं लागलं, हे तेवढं ती बोलली नाही. कुणी विचारलं नव्हतं. सर्जेरावनं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. संध्याकाळी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं.

खरं कारण तिला आठवड्यानं सापडलं. एका कागदावरची वेळ चालू वेळेच्या आठ मिनिटं पुढची दिसली. अजून यायच्या असलेल्या वेळेला कागद सेव्ह कसा होईल, असं म्हणत ती शेडमध्ये गेली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ तिनं पाहिलं. सगळं तिच्या ध्यानात आलं. सर्जेराव खरं बोलत होता, आणि त्याचा पुरावा तिनं स्वतःच्या हातानं पुसला होता. ती जागेवर येऊन बसली, डबा खाल्ला, उरलेलं काम केलं. रात्री तिला नेहमीसारखी झोपही लागली. सकाळी जाग आली तेव्हा ती झोपच तिला आठवली, आणि आपल्याला वाईट वाटत नाहीये याचंच तिला भय वाटलं. कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी वाटलं ते हे.

तिनं अप्पांना सांगितलं. घड्याळं पुढं करायला कुणी सांगितलं होतं, हे त्यांना आठवत असणार. पण ते एवढंच म्हणाले, ती दोन घड्याळं नीट कर. सर्जेरावचं काय, असं तिनं विचारलं. त्याच्या जागी माणूस घेतलाय, झालं ते झालं, असं म्हणून त्यांनी फोन उचलला. तिनं घड्याळं नीट केली. आणखी दोन आठवडे तसेच गेले. तेवढ्या वेळात तिनं त्याला चारदा फोन लावला, पण लागायच्या आतच बंद केला.

शेवटी सुट्टीच्या दिवशी तिनं सिल्लोडची एसटी धरली, फुलंब्रीला उतरली आणि काळीपिवळी जीपनं त्याच्या गावी गेली. सर्जेराव दारात शेळ्यांना पाला टाकत होता. डोळ्यांवर नवा चष्मा. तिला बघून तो गडबडला, बायकोला, कडूबाईला, हाक मारून चहा टाकायला सांगितला. तनुजानं बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, हळू आवाजात, मान खाली घालून. घड्याळ, प्रोग्राम, सकाळची दुरुस्ती, आणि आपण गप्प बसलो ते.

तो रागावेल अशी तिची तयारी होती. पण त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजे त्या दिशी तिथं बारा पॉइंट चारच होतं?"

"हो. चारच होतं."

"मी नीट वाचलं होतं?"

"नीटच वाचलं होतं."

सर्जेराव ओट्यावर बसला. त्यानं जे सांगितलं ते फार थोडं होतं. सगळ्यांच्या देखत सहाचा आकडा दिसला, तेव्हा त्याला आपल्याच डोळ्यांची शंका आली. घरी येऊन त्यानं स्वतःच सांगितलं की चूक माझीच झाली. चष्मेवाला म्हणाला, फार काही नंबर नाही, तरी यानं हट्टानं चष्मा घेतला. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. यानं कळवलं, मला आता माप वाचता येत नाही. ती जागा भरली.

तनुजाला वाटत होतं, आपल्यामुळं याची नोकरी गेली. नोकरी गेलीच होती, पण याचा स्वतःवरचा भरवसाही ती घेऊन बसली होती आणि तीन आठवडे तो तिच्याजवळच पडून होता.

"कडू, इकडं ये," तो म्हणाला. "मॅडम काय म्हणत्यात ते ऐक." मग तिच्याकडं वळून, "तुम्हीच सांगा. माझ्या सांगण्यानं नाय व्हायचं."

तनुजानं कडूबाईला सांगितलं. कडूबाईनं चहाची कपबशी तशीच हातात धरून सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मग ह्ये तवाच का नाय सांगितलं ओ?"

तेवढ्यात आतून सर्जेरावचे वडील, मुंजाबा, काठी टेकत बाहेर आले. उभा जन्म मेंढरांमागं गेलेला हाडकुळा म्हातारा. कोण आलंय, असं त्यांनी विचारलं. सर्जेरावनं त्यांना हाताला धरून बसवलं आणि तनुजाकडं पाहिलं.

"ह्यांना बी सांगा. रोज शिव्या देत्यात मला, सतरा वर्सं काय केलं म्हणून. जरा मोठ्यानं सांगा, कमी ऐकू येतं त्यांना."

तनुजा म्हाताऱ्यापुढं उकिडवी बसली. "बाबा, सर्जेरावांची चूक नव्हती. माझी होती."

म्हाताऱ्यानं कानाला हात लावला. "आँ?"

"माझी चूक होती," ती ओरडून म्हणाली, आणि शेजारच्या घरातली माणसं दारात आली. तिचा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हाताऱ्याला अजूनही ऐकू आलं नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणखी जवळ सरकली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.