मावशींचा गुडघा

एकतीस वर्षे इतरांना चालते करण्यात घालवलेल्या बाईने वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी नाइटक्लबमध्ये जाऊन साल्सा का शिकावा? या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. मी त्याच वर्गात होतो. विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुवारी माझी सकाळपाळी असते."

त्या एका रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात आया होत्या. रुग्णांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. आमच्या वर्गातही त्या पहिल्या दहा मिनिटांत मावशी झाल्या.

वर्ग संध्याकाळी सहाला भरे. त्या वेळी नाइटक्लबचे रूप अगदीच घरगुती असे: पांढरे दिवे लागलेले, बारच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, फरशी नुकतीच पुसलेली. मावशींनी उंबऱ्यातच वास घेतला आणि शेरा मारला, "फिनाईल कमी, पाणीच जास्त."

बायकांचे वर्तुळ आत, पुरुषांचे बाहेर, आणि 'बदला' अशी हाक आली की पुरुषांनी एकेक जागा पुढे सरकायचे, अशी रचना होती. शिकवणारी मुलगी मावशींच्या लेकीच्या वयाची. ती मोजू लागली, "एक-दोन-तीन, पाच-सहा-सात."

"आणि चार कुठं गेला?" मावशींनी विचारले.

"चारला थांबायचं, मावशी."

"थांबायचं तरी मोजायचं ना! आमच्या सिस्टरनी अशी नाडी मोजली तर त्यांना घरी बसवतील."

बाकीच्या बायकांना जड जाणारे मागचे पाऊल मावशींना सहज साधले. त्यात नवल नव्हते. रुग्णाचे दोन्ही हात धरून त्याच्यासमोर उलटे चालणे हे त्यांचे रोजचे काम. पाठीमागची भिंत किती पावलांवर आहे हे त्यांना न बघता कळे. अडचण निघाली ती गुडघ्यात. रुग्णाला खाटेवरून उभे करताना आया आपला गुडघा त्याच्या अधू पायाच्या गुडघ्याला टेकवून ठेवते, म्हणजे तो पाय दुमडत नाही. ही सवय मावशींच्या अंगात इतकी भिनली होती, की समोरच्याने वजन पुढे टाकले रे टाकले, की त्यांचा गुडघा त्याच्या आड येई. वर्तुळातला प्रत्येक पुरुष तिथे येऊन ठेचकाळला.

"मावशी, माझं ऑपरेशन झालेलं नाही अजून," विमा कंपनीतले एक धिप्पाड साहेब गुडघा चोळत म्हणाले.

"असेच फेंगडे चाललात तर होईल. मग आहेच मी."

चौथ्या आठवड्यात शिकवणारीने त्यांना बाजूला घेतले. शेवटच्या गुरुवारी आम्ही घरच्यांसमोर नाचणार होतो. तोवर गुडघ्याची सवय सुटली नाही, तर मावशींना बसून राहावे लागणार होते. "एक अडला की सगळं वर्तुळ अडतं हो. समोरचा नाही पडणार. आणि पडला तर पडू दे."

पडू दे! वॉर्डात रुग्ण पडला तर चौकशी लागते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, मावशी चपला घ्यायला वाकल्या असताना एक आजोबा पडले होते आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. त्या साल्सा का शिकतात, या माझ्या प्रश्नाचे उत्तर तिथे शोधण्याचा मोह मला झाला, आणि मी तसे बोलूनही दाखवले. "त्या आजोबांना उगीच नाचात ओढू नका," म्हणून त्यांनी विषय मिटवला.

बसून राहण्याची मात्र त्यांची मुळीच तयारी नव्हती. "या वयात क्लबात? काहीतरीच तुझं, आई!" म्हणणारी लेक आता बघायला येणार होती. पाळी संपली की मावशी चादरींच्या खोलीत सलाइनचा चाकांचा स्टँड घेऊन पावले घोटवू लागल्या. एकदा सिस्टर अचानक आत आल्या.

"मावशी, हा काय प्रकार?"

"याला गुडघे नाहीत, सिस्टर. म्हणून धरलाय."

शेवटच्या गुरुवारी खुर्च्या उतरवून भिंतीलगत मांडल्या होत्या. लेक पहिल्याच रांगेत होती. तीन वेळा 'बदला' झाले. मावशींचा गुडघा जागच्या जागी राहिला. चौथ्या वेळी विमा कंपनीतले साहेब त्यांच्या समोर आले, नव्या गुळगुळीत तळव्यांचे बूट घालून. दुसऱ्याच वळणावर त्यांचा पाय सटकला.

मी शेजारीच होतो. मावशींचा गुडघा किंचित हलला, पण पुढे आला नाही. साहेब फरशीवर सपशेल बसले. संगीत चालूच होते. मावशींच्या तोंडून मोठ्याने निघाले, "चार."

मग त्यांनी एक हात पुढे केला, कुणीही करील तसा. साहेब त्याला नुसती बोटे लावून हसत उठले, पाचवर पाऊल पडले आणि वर्तुळ पुढे सरकले.

"तो माणूस पडला ना गं, आई?" बाहेर पडताना लेकीने विचारले.

"पडला," मावशी म्हणाल्या, आणि जिन्यात थांबल्या. "उठला की पण. आपला आपण."

मावशी २०१७ च्या जूनमध्ये निवृत्त झाल्या. २०१९ पासून गुरुवारच्या वर्गात नवशिक्या पुरुषांबरोबर पहिला अर्धा तास त्याच नाचतात.