कदम सरांच्या गाडीची किल्ली

"पक्कड लावू नका हो! किल्ली आत तुटली तर ब्रह्मदेव आला तरी निघणार न्हाई!" मी फोनवरच ओरडलो.

पलीकडून पेडगावचे कदम सर बोलत होते. निवृत्त शिक्षक, माझे जुने गिऱ्हाईक. गाडीची किल्ली अडकलेली, गियर हलेना, गाडी चालू होईना आणि शेजारचा कुणी भला माणूस पक्कड घेऊन मदतीला उभा. असल्या भल्या माणसांवरच आमचं गॅरेज चालतं म्हणा, पण डोकं फिरतं ते फिरतंच.

"कधीपासून अडकलीय?"

"काल संध्याकाळी गाडी लावली तेव्हापासून. आज दुपारी हिचं डायलिसिस आहे हो."

"बॅटरीची एक वायर काढून ठेवा, न्हाईतर तीबी बसंल. मी निघालोच."

मी परभणीत ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. सरांची ही जुनी ऑटोमॅटिक गाडी मीच बघून दिली होती. सरांचा डावा पाय लहानपणापासून बारीक, त्यात जोर नाही. क्लच दाबणं त्यांना शक्यच नव्हतं, म्हणून नोकरीभर ते दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसून शाळेत गेले. काकूंच्या किडन्या गेल्या आणि परभणीच्या वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा सर म्हणाले, आता मीच शिकतो. ऑटोमॅटिकला क्लच नसतो, उजव्या पायावर काम भागतं. साठी उलटल्यावर माणूस गाडी शिकला आणि बायकोला स्वतः न्यायला लागला. मला त्यांचं लय कौतुक.

पोचलो तर काकू ओसरीत खुर्चीवर बसलेल्या, दवाखान्याची पिशवी शेजारी तयार. सर गाडीजवळ उभे. फोनच्या स्पीकरवर पुण्याचा मुलगा बोलत होता.

"बाबा, तुम्ही गियर जोरात ओढला असणार. वय झालं आता. रविवारी येतो आणि गाडी घेऊन जातो. आईला जीप लावून देऊ."

जन्मभर पोरांना गप्प केलेला माणूस मान खाली घालून ऐकत होता. मला बघवलं नाही. मी मुद्दाम दणकन बॉनेट उघडलं. मुलाचं एका बाजूनं चुकीचंही नव्हतं. लांब राहणाऱ्याला आई-बापाची धास्ती जास्त.

आता गाडीचं सांगतो. ऑटोमॅटिकमध्ये गियरच्या दांड्याला P नावाची एक जागा असते, म्हणजे गाडी उभी करायची जागा. दांडा P मध्ये पुरता बसला तरच किल्ली बाहेर येते, आणि मधेच अडकला तर गाडीही चालू होत नाही. P मधून दांडा काढायचा तर ब्रेक दाबावा लागतो, तेव्हा आतली एक पिन सरकते आणि वाट मोकळी होते. गाडी आपोआप गडगडत जाऊ नये म्हणून ही सोय. म्हणजे किल्ली आणि गियर असे दोन बिघाड दिसत असले तरी दुखणं बहुतेक एकच असतं.

बॅटरी जोडली. आधी स्टेअरिंग डावी-उजवीकडं हलवत किल्ली फिरवून पाहिली, कारण कधी कधी स्टेअरिंगच्या ताणानं किल्ली अडकते. नाही निघाली. मग सरांना ब्रेक दाबायला लावून मागचे दिवे बघितले. ब्रेकचा स्विच गेला की दिवेही लागत नाहीत आणि पिनही सरकत नाही. दिवे झक्क लागले. फ्यूजही ठीक. मग दांडा नीट निरखला. तो P वर दिसत होता, पण केसभर अलीकडं थांबला होता. पुढं जाईना, मागं येईना.

मी दांड्याभोवतीचं कव्हर उघडलं आणि आत टॉर्च मारला. खोबणीत पिवळा-लाल गोळा बसलेला. उकरून तळहातावर घेतला तर तांदळाचे दाणे. हळद-कुंकू आणि ग्रीस यांत मळून दगड झालेले.

सरांनी ते बघितलं आणि माझा हातच धरला.

"हिला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "दर वेळी निघताना ती गियरला हळद-कुंकू लावते, अक्षता वाहते. तिथं तासन् तास सुया टोचून पडायचं असतं. तेवढाच तिला धीर."

"आन् पोराला काय सांगू?"

"माझ्या हातून झालं म्हणा."

"मंग गाडी जाईल की!"

"जाऊ द्या."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "वा सर! चालवता तुमी चांगलं, आन् नापासबी तुमीच व्हायचं? असलं खोटं माझ्या तोंडातून न्हाई निघायचं."

"काय सापडलं हो?"

काकू कधी उठून मागं आल्या, कळलंच नाही. मी चटकन मूठ मिटली.

"दाखवा बरं."

दाखवली. काय करणार? त्यांनी एक दाणा नखानं खरवडून पाहिला.

"ह्या तर माझ्याच अक्षता. म्हंजी माझ्यामुळं अडकली व्हय? आन् बोलणी ह्यांनी खाल्ली?"

"अगं, तसं काही..." सर चाचरले.

काकूंनी सरांच्या खिशातला फोन काढून त्यांच्या हातात दिला. "लावा त्याला."

मुलानं उचलला. काकू म्हणाल्या, "हे बघ, गियर माझ्यामुळं अडकला. तुझ्या बाबाचा हात साफ हाय. रविवारी ये, पुरणपोळी करून घालते. पर गाडी न्यायला येऊ नको. मला ह्यांच्याच गाडीत जायचंय."

मुलगा म्हणाला, "बरं आई. बाबांना सांग, सावकाश चालवा."

सरांनी चष्मा काढून पुसला. मीही उगीच बॅटरीकडं जाऊन आलो.

खोबणी ब्रशनं साफ केली, पिनला नवं ग्रीस दिलं. दांडा खट्ट आवाज करून P मध्ये बसला आणि किल्ली लोण्यातून काढावी तशी बाहेर आली. सरांनी ती पुन्हा घातली, पुन्हा काढली, आणि हसले.

"मंग आता अक्षता कुठं वाहू?" काकूंनी विचारलं. चेहरा एवढासा झालेला. पूजा करू नका म्हणायची माझी छाती नाही. दसऱ्याला माझे पाने-पक्कडही हळद-कुंकवानं माखलेले असतात.

"बॉनेटवर वाहा की. बाहिरून काय बी करा, आत काय जात न्हाई."

काकूंनी कुंकवाची डबी उघडली. बॉनेटकडं पाहिलं, गियरकडं पाहिलं. मग सरांना म्हणाल्या, "वाका खाली." त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, चार दाणे डोक्यावर टाकले.

"इतके दिवस गाडीलाच पुजत बसले. आणणारे-नेणारे तर हे हायेत."

गाडी वेळेत परभणीला निघाली. सर चालवत होते, कपाळावर हे एवढं मोठं कुंकू.

ऑटोमॅटिक गाडी अडली की हल्ली मी फ्यूज नंतर बघतो. आधी विचारतो, पूजा कोण करतं, आणि कुठं?