सईद पिंजाऱ्यानं ओळखलेली कमान

मलकापूरच्या स्टेशन रोडवर गाद्या-रजया भरून देणाऱ्या सईद पिंजाऱ्याकडे जायचं तर एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी. तुमचं वाक्य तो पुरं होऊ देणार नाही. तुम्ही "चाचा, ही गादी जरा..." एवढं म्हणायचा अवकाश, तो म्हणणार, "जरा काय? पार बसली हाये. सहा वर्षं लोळले तिच्यावर, आता कापसाले काऊन दोष देता?"

अडुसष्ट वर्षं ओलांडलेल्या या माणसाचा राग सगळ्यांवर होता. फोमच्या गाद्यांवर होता, त्या घेणाऱ्यांवर होता, आणि दुकानातल्या पिंजायच्या मशीनवर तर रोजच होता. मुलगा आसिम ते मशीन सुरू करी आणि सईद उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसे. पण हे सगळे राग किरकोळ. खरा राग त्यानं जपून ठेवला होता तो सख्ख्या धाकट्या भावासाठी, वडनेर भोलजीच्या फहीमसाठी. फहीम मागच्या पावसाळ्यात वारला. सईद मयतीला गेला नाही. भावाच्या जनाज्याला त्यानं खांदा दिला नाही. त्या दिवशी तो दुकानात उशा शिवत बसला होता आणि कुणी विचारलंच तर सांगत होता, "चोराले कायचा खांदा?"

चोरी होती कमानीची. कापूस पिंजायची जुनी कमान, जवळजवळ माणसाएवढी लांब, छताला दोरीनं टांगलेली, तिच्यावर आतड्याची तात ताणलेली. लाकडी ठोकळ्यानं तात छेडली की कापूस मोकळा होऊन उडतो. ही कमान अब्बांची होती. एकदा ती बैलगाडीवरून पडून तडकली, तेव्हा अब्बांनी तिला तांब्याची तार गुंडाळली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक टणत्कारामागे एक बारीक झिरझिर यायची. गिऱ्हाइकाला ती ऐकू यायची नाही. सईदला मात्र झोपेतही ऐकू यायची.

अब्बा शेवटचं वर्ष फहीमकडे होते. ते गेले, चाळिसावा झाला, आणि सईद मोठ्या मुलाच्या हक्कानं कमान न्यायला वडनेरला गेला, तर खुंटी रिकामी.

"भाई, मी नाही घेतली," फहीम म्हणाला. "पन ती कुठं हाये ते..."

"ते काय? इकली म्हन ना सरळ!"

फहीमचं वाक्य तिथंच राहिलं. पुढच्या जुम्म्याला नमाज सुटल्यावर सईदनं वडनेरच्या मशिदीच्या पायऱ्यांवर, साऱ्या जमातीसमोर, भावाला चोर म्हटलं. फहीमनं मान खाली घातली आणि तो घरी गेला. ज्याअर्थी बोलला नाही त्याअर्थी चोर, असा हिशेब सईदनं लावला आणि एकोणीस वर्षं त्यात टाक्याचा फरक केला नाही.

अशा माणसाकडे दीड वर्षापूर्वी पुण्याहून राखी नावाची एक मुलगी आली होती. सिनेमाला संगीत देते म्हणाली. सिनेमा कापसाच्या मुलखाचा, आणि संगीतात एकही वाद्य नको असा तिचा हट्ट. जिनिंगचा घरघराट, चाळणीची खसखस, शिलाई मशीन, आणि पिंजाऱ्याची कमान, बस्स. दोन दिवस तिनं सईदसमोर माईक धरला. सईदनं तिला दोन्ही दिवस वेड्यात काढलं, पण अब्बांची गेल्यावर केलेली स्वतःची कमान मात्र मन लावून मारली.

सिनेमा अजून इकडे लागला नव्हता. नुसतं संगीत आलं होतं, मोबाइलवर. ते घेऊन नात उमैमा एका शुक्रवारी सकाळी दुकानात आली आणि तिनं दादांच्या कानात इअरफोनची दोन बोंडं खुपसली.

"बाजा कुठं हाये?" सईद खेकसला.

"बाजा नाई हाये, दादा. हेच म्युझिक हाये. ऐका तं."

"अन् गानं?"

"गानं बी नाई."

"मंग काय ऐकू, मशीन? मशीन तं तुहा बाप फुकटात ऐकवते."

तरी तो ऐकत राहिला, कारण पुढं आपली कमान येणार हे त्याला माहीत होतं. समोर चित्र असतं तर त्याचं लक्ष नट-नट्यांत गेलं असतं, कपड्यांना नावं ठेवण्यात गेलं असतं. इथं पाहायला काहीच नव्हतं. त्यानं डोळे मिटले. जिनिंग आली, गेली. सुयांची टकटक आली. मग त्याची स्वतःची कमान आली, भरदार, आणि सईद मनातून फुगला. राखीनं तिच्यामागे नुसती शांतता ठेवली होती. पोरीला अक्कल आहे, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

आणि तेवढ्यात दुसरी कमान बोलली.

त्याच्या प्रत्येक ठोक्याला ती उत्तर देत होती, पूर्वी दोन पिंजारी एका ढिगाशी समोरासमोर बसून मारायचे तशी. टण्ण, आणि मागे ती बारीक झिरझिर. सईदच्या अंगावर काटा आला. शेवटी ढीग संपला तसे तीन रिकामे ठोके आले, दोन जोराचे आणि एक हलका. तातीला चिकटलेला कापूस झाडायचे हे अब्बांचे ठोके. सईदच्या माहितीत ते अब्बांनी दोनच माणसांना शिकवले होते, सईदला आणि फहीमला. घरातल्या बाया गाद्या भरत, टाके घालत. तातीला त्यांचा हात लागू द्यायचा नाही, ही सईदच्या घरची रीत, आणि ती तो आजही छाती काढून सांगे.

तळपायाची आग मस्तकात गेली. आणि खरं सांगायचं तर त्या आगीत आनंदही होता, हलकट आनंद. पुरावा सापडला होता! एकोणीस वर्षांनी, मेल्यावर का होईना, चोर मुद्देमालासकट पकडला गेला होता. दीड वर्षापूर्वी तर फहीम जिवंत होता. म्हणजे आपल्या कमानीसमोर त्यानंच ही कमान मारली, आणि त्या पोरीनं न विचारता आपल्याला चोरासोबत एका ढिगाशी बसवलं.

"लाव तिले फोन," तो उमैमावर ओरडला.

"काका! ऐकलंत का?" राखी आनंदानं म्हणाली.

"ती दुसरी कमान कोनाची? वडनेरची ना?"

"नाही काका, ती धामणगाव बढेची. तिथे तुमच्या..."

सईदनं फोन ठेवला. धामणगाव बढे म्हणजे बहीण, गुलनाज. ऐन तिशीत विधवा झालेली, आणि फहीमशी बोलते म्हणून सईदनं टाकलेली. सगळं लख्ख झालं. चोरानं माल बहिणीच्या घरी दडवला होता. सईदनं टोपी चढवली आणि मिळाली ती एसटी धरली. वाटेत शेजारच्या अनोळखी माणसालाही त्यानं भावाची चोरी इत्थंभूत सांगितली.

गुलनाजच्या घराचं दार उघडंच होतं. आणि रस्त्यावरच त्याला ती झिरझिर ऐकू आली.

आत कमान टांगलेली होती. तिच्याखाली गुलनाज बसली होती, पदर तोंडाला बांधून, भुवयांवर कापूस, आणि तात छेडत होती. अब्बांसारखीच, मनगटातून. भावाला दारात पाहूनही ती थांबली नाही. हातातला ढीग संपवला. दोन जोराचे, एक हलका. मग पदर सोडला.

"या भाई. एकोनीस वर्षांत पयल्यांदा उंबरा दिसला."

"कमान त्यानं इथं दडवली!" सईद गरजला. "चोरानं..."

"थांबा," गुलनाज म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सईदचं वाक्य तुटलं. त्याला याची सवय नव्हती. "आज मी बोलतो, तुमी आयका. कमान मले अब्बानं देल्ली. माह्या पोटाले. माहा मालक मेल्यावर, त्या शेवटच्या वर्षात, अब्बा महिनाभर इथं येऊन राह्यले, दुपारभर दार लावून मले शिकवलं. म्हनले, सईदले सांगू नका. तो बाईच्या हातात तात राहू देनार नाई."

"मंग फहीम काऊन नाई बोलला? मशिदीसमोर?"

"बोलला असता तं तुमी तिथूनच इथं आले असते. कमान नेली असती. मंग म्या काय खाल्लं असतं?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता, आणि तो सईदच्या रागापेक्षा जुना आणि शिळा न झालेला होता. "मी त्याले म्हनलं, सांगून टाक, लोक तुले चोर म्हनून राह्यले. तो म्हने, म्हनू दे, तुही चूल पेटते ना. दोनदा मी सोताहून तुमच्या दुकानात आलती. तोंड उघडते ना उघडते तं तुमी म्हनले, त्याच्या बाजूनं बोलायचं असन तं पायरी उतर. उतरली मी."

सईदला ते आठवलं. तिचं तोंड उघडलेलं आठवलं, आणि आपण उशीवरून नजरही न उचलता बोट दाखवलेली ती पायरीही आठवली. एकोणीस वर्षं तो ज्या रागावर उठत-बसत होता त्यात काडीचंही खरं नव्हतं, आणि ज्याची माफी मागायची तो मातीखाली होता. रडावं असं त्याला वाटलं, आणि रडता येत नाही म्हणून स्वतःचाच संताप आला.

"गुलनाज," तो कसाबसा म्हणाला, "एकडाव... एकडाव मारू दे मले. अब्बाची हाये."

तो पुढं झाला. त्यानं हात लांब केला. तांब्याच्या तारेपासून त्याची बोटं वीतभरावर असतील. गुलनाजनं कमान दोरीसकट आपल्याकडे ओढून घेतली, आणि तात हलून ती झिरझिर खोलीभर झाली.

"हात लावू नका, भाई," ती म्हणाली. "तुमीच म्हनले होते ना मशिदीसमोर? चोरीचा माल हाये. आधी त्याच पायऱ्यावर उभे राहून खरं काय ते सांगा, मंग या."

तिनं पदर पुन्हा तोंडाला बांधला आणि नवा ढीग पुढ्यात ओढला. सईद दारातून मागे सरला. बाहेर रस्त्यावर शुक्रवारच्या नमाजाला चाललेली माणसं त्याला सलाम करून पुढं जात होती.