शुक्रवारचे आकडे

मी आजवर चार कंपन्या काढल्या. दोन बंद पडल्या, एक विकली, चौथी चालू आहे. लोक विकलेल्या कंपनीबद्दल विचारतात. माझ्या डोक्यात मात्र पहिलीच असते, कारण ती माझ्या भागीदाराने बुडवली, असं मी इतकी वर्षं सांगत आलो.

तेव्हा आम्ही एक डबी बनवली होती. ती पत्र्यातून नग कापणाऱ्या पॉवर प्रेसला लावायची. डबीला काचेचा छोटा डोळा होता. समोरून तयार नग गेला की ती मोजायची आणि मालकाला फोनवर आकडा दिसायचा. डिझाइन माझं, सौदेही मीच करायचो. भागीदार वर्कशॉपमध्ये जाऊन डब्या बसवायचा. पहिलं गिऱ्हाईक चाकणचं होतं.

डबी आठवडाभर बिनचूक चालायची आणि शुक्रवारी सकाळी कमी मोजायची. तिथल्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्यामुळे सुट्टीनंतर वीज कमी-जास्त होत असेल, असं मी धरलं. वायर बदलली, पुरवठा बदलला, कामगारांवर ओरडलो. रहाटणीच्या घरून मी पोहोचेपर्यंत दहा वाजायचे आणि तोवर डबी शहाण्यासारखी मोजत असायची. शेवटी भागीदार म्हणाला, "तुझं डिझाइनच कच्चं आहे," आणि वेगळा झाला. सहा महिन्यांत त्याच प्रेसवर त्याची डबी बसली. डोळा माझाच होता, फक्त वर एक पत्र्याची टोपी होती. चोर, म्हणालो मी. भेटेल त्याला म्हणालो.

यंदा त्याच मालकाकडे मी माझ्या चौथ्या कंपनीचा कॅमेरा चाचणीला लावला. तो नगाची भोकं तपासतो. चाचणी पास झाली तर त्यांच्या सगळ्या प्रेसना कॅमेरे लागणार होते. बुधवारपर्यंत काम चोख झालं. शुक्रवारी सकाळी कॅमेऱ्याने चांगलेच नग बाद करायला सुरुवात केली.

मालक म्हणाले, "राव, तुमचं आणि शुक्रवारचं काही वाकडं आहे का? आणखी एक शुक्रवार बघतो. नाहीतर कॅमेरा काढून न्या."

या वेळी माझ्याकडे फोटो होते. सकाळच्या प्रत्येक फोटोत मधोमध लालसर धुकं दिसत होतं. आधी मी कॅमेऱ्याचा दिवा पुरवणाऱ्याला फोनवर झाडून घेतलं. मग जरा शांत झाल्यावर वाटलं, दिवा पांढरा आहे, मग हा लाल रंग येतो कुठून?

पुढच्या शुक्रवारी पहिली शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच जाऊन क्रेटवर बसलो. आमची डबी असायची त्या जुन्या प्रेसवर काम करणाऱ्या मावशी ताट घेऊन आल्या. प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू, उदबत्ती. माझ्या कॅमेऱ्यापाशी थांबल्या आणि काचेच्या बरोबर मध्यावर बोट टेकवलं.

"मावशी, काचेवर कशाला?"

"मग कुटं लावू? याला कपाळ कुटं हाय?"

"पण लावायचंच कशाला?"

"प्रेसनं कुनाचं बोट घिऊ न्हाई म्हणून. दर शुक्रवारी करतो आमी." त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुमीच ना ते, मागं डबडं घिऊन यायचा? लई आरडायचा तुमी."

"त्या डबीलाही कुंकू लावायचात?"

"व्हय. नग मोजना झालं की कुनीतरी चिंधीनं पुसायचं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुटं? डबड्याला हात लावला तर बघा, म्हनला. दुसरे दादा हितं बसून चहा प्याले, त्यांनी इचारलं. मग टोपी बसवली, टोपीवर लाल टिकली काढली. म्हनले, मावशी, कुंकू हितं लावा."

मी जुन्या प्रेसपाशी गेलो. भागीदाराची डबी अजून तिथेच होती. टोपीवरची टिकली फिकट झाली होती, तिच्यावर आजचं कुंकू ताजं होतं.

"त्यांनी विचारलं ते कधी? माझ्याबरोबर होते तेव्हा, की नंतर?"

"तवा तुमी दोगं एकाच गाडीवर यायचा."

कॅमेऱ्याची काच मी रुमालाने पुसली. नगांचे निकाल लगेच सरळ झाले. दुपारी पितळेची गोल चकती आणून काचेच्या वर धरली. मावशी म्हणाल्या, "अजून वर. भुवईवर कुनी कुंकू लावतं का?" मी ती बोटभर वर सरकवली आणि तिथेच चिकटवली. मालकांनी आणखी एक शुक्रवार पाहिला, भाव पाडायचा प्रयत्न केला, मी एक रुपया सोडला नाही. ऑर्डर मिळाली.

भागीदाराने डोळा माझा घेतला, हे मी आजही म्हणतो. टिकली मी त्याची घेतली, हे मी मालकांना सांगितलेलं नाही. त्याचा नंबर दोन-तीनदा काढून फोन परत ठेवला. विचारायचं एवढंच आहे: तुला कारण कळलं होतं, तर मला सांगितलं का नाहीस? की सांगितलं होतंस आणि तेव्हा मी ओरडत होतो?