बारीक फाइलीत न मावलेली हाक

कॅसेटच्या डबीचा जुन्या प्लास्टिकचा वास आला की दुसरबीडच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. आई गेल्यावर तिच्या ओव्यांची कॅसेट मी स्टुडिओतून एमपीथ्री करून आणली होती. वडील ऐकून म्हणाले, "आवाज तिचाच हाय, पण कॅसेट भरतानी मी आंगणातून हाक मारली होती, ते कुठी गेली?" स्टुडिओवाल्याने खरखर काढून फाइल बारीक केली, त्यात ती हाकही गेली होती. मी परत जाऊन काही न काढता मोठी वेव्ह फाइल करून आणली. खरखरीतून वडिलांची हाक आली आणि ओवी थांबवून आई म्हणाली, "येऊन राह्यली ना!" वडील डोळे पुसत म्हणाले, "हे असंच राहू दे." आता वडीलही नाहीत. घर फार गप्प झालं की मी ती फाइल लावतो आणि ओव्या सोडून थेट त्या हाकेपाशी जातो.